रिफायनरी बांधणाऱ्यांनी रिफायनरीबद्दल बोलायला हवं

(सुट्टीच्या दिवशी झालेल्या कामगार बैठकीतलं भाषण, थोडं आवरून)

मंडळी, आज पगार, ओव्हरटाइम, पासपोर्ट हे विषय बाजूला ठेवतो. राजापूरच्या रिफायनरीबद्दल बोलायचंय. जळगाव-सोलापूरकडचे भाऊ म्हणतील, आमचा काय संबंध? ऐका तर खरं.

2017 मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांनी मिळून एक कंपनी काढली. वर्षाला 6 कोटी टन तेल शुद्ध करायचं, खर्च 3 लाख कोटी. जागा राजापूर तालुक्यातली, नाणारच्या बाजूची 14 गावं आणि देवगडातली 2. पुढच्या वर्षी सौदी अरामको आणि अबुधाबीची अ‍ॅडनॉक यांनी मिळून निम्म्या भागीदारीचे करार केले. म्हणजे ज्या आखातात आपण घाम गाळतो, तिथल्याच कंपन्या आपल्या गावच्या सड्यावर यायला निघाल्या होत्या.

गावकऱ्यांनी जमीन द्यायला नकार दिला आणि तो सोडला नाही. मार्च 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पण जानेवारी 2022 मध्ये राज्याने केंद्राला त्याच तालुक्यातली बारसूची जागा सुचवली. एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाची यंत्रं सड्यावर आली, तेव्हा भर उन्हात बायका रस्त्यावर आडव्या पडल्या. 28 तारखेला अश्रुधूर सोडला गेला, लाठ्याही चालल्या असं आंदोलक सांगतात. त्याआधी फेब्रुवारीत, या प्रकरणावर लिहिणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला. हा विषय किती तापलाय ते यावरून कळेल.

आता नोकऱ्यांचं बोलू. लाखभर नोकऱ्या मिळतील, असं सांगितलं गेलं. गावातली काही माणसं समर्थनात आहेत ती याच आशेवर, आणि मी त्यांना वाईट म्हणणार नाही. पोरगा दुबईला जाण्यापेक्षा घराशेजारी कामाला लागला तर कुठल्या आईला नको आहे? पण हा आकडा तपासायला आपल्याइतका जाणकार कोण? आपण शटडाऊन केलेली माणसं आहोत. प्लांट उभा राहत असताना हजारोंनी माणूस लागतो. फिटर, वेल्डर, रिगर, स्कॅफोल्डिंगवाला, हेल्पर. तो येतो कुठून? आपण इथे आलो तसाच, लांबून, ठेकेदारामार्फत, ज्याचा दर कमी तो आधी. काम संपलं की नोटीस बोर्डावर परत पाठवायची यादी लागते. मग आत कोण उरतं? कंट्रोल रूममधले ऑपरेटर, इंजिनिअर, थोडे मेंटेनन्सवाले, बाकी सिक्युरिटी, साफसफाई, बागकाम. आपल्यातल्या कितीजणांना चालू प्लांटमध्ये कायमची नोकरी मिळाली, हात वर करा. (कोणीच केला नाही. नंतर हसले.)

आणि जाणाऱ्या कामाचा हिशोब कोणी मांडतच नाही. खेडजवळच्या लोटे-परशुरामचं बघा. केमिकल कारखाने आले, सांडपाणी दाभोळ खाडीत गेलं. माधव गाडगीळांनी 2013 च्या आपल्या पत्रात लिहिलंय की तिथे 11,000 लोकांना काम मिळालं आणि 20,000 मच्छीमारांचं काम गेलं. ज्यांचं गेलं त्यांना कारखान्यात कोणी बोलावलं नाही. बारसूच्या बाबतीत कच्चं तेल उतरवायचं टर्मिनल नाट्याला करायचं म्हणतात. नाटे मासेमारीवर जगणारं गाव आहे.

बारसूचा सडा पाहिलेला नसेल त्याला तो उघडा कातळ वाटेल. सरकारी कागदावर पडीकच. पण पाऊस त्याच कातळात मुरतो आणि खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरतो. त्यावर आंबा-काजू उभा आहे. त्याच सड्यावर जुनी कातळशिल्पं आहेत. बारसू आणि देवाचे गोठणे इथल्या शिल्पांची नावं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. आपण प्लांटमध्ये शिरताना छातीला गॅस डिटेक्टर लावतो, वारा कुठून कुठे वाहतोय ते बघतो. वाडीतल्या म्हातारीच्या छातीला काय लावणार?

इथून करायचं काय, तर पहिलं सांगतो काय करायचं नाही. इथे बॅनर घेऊन उभं राहायचं नाही, घोषणा द्यायच्या नाहीत, इथल्या कंपन्यांबद्दल फेसबुकवर लिहायचं नाही. नोकरी जाईल आणि देशातून हाकललंही जाईल. गावाला त्याचा उपयोग शून्य.

उपयोग कशाचा आहे? तुमच्या नावाचा. सातबाऱ्यावर तुमचं, भावांचं, काकांचं नाव सामाईक आहे. प्रकल्पाची कुणकुण लागली की दलाल फिरायला लागतात आणि परदेशातल्या भावाकडे मुखत्यारपत्र मागितलं जातं, ‘फक्त सहीपुरतं’ म्हणून. दूतावासात जाऊन सही करण्याआधी तो कागद मराठीत वाचून घ्या. जमीन विकण्याचा अधिकार देत नाही, हे त्यात स्पष्ट लिहायला लावा. फेरफाराची नोटीस ‘आपली चावडी’वर मोबाइलवर दिसते, हरकतीला 15 दिवस असतात. महिन्यातून एकदा बघत जा, घरच्यांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, घरच्यांनाही कळत नाही म्हणून.

दुसरं, जनसुनावणी. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या नियमानुसार ती घ्यावी लागते, किमान 30 दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश मराठीतही ठेवावा लागतो. सुनावणीला हजर राहता येत नाही अशा संबंधित माणसालाही आपलं म्हणणं लेखी पाठवता येतं. ज्याची जमीन, विहीर, होडी तिथे आहे तो संबंधित नाही तर कोण? आणि आपल्याकडे लिहायला अनुभव आहे. फ्लेअर पेटते तेव्हा रात्र कशी दिसते, टाकी धुतल्यावर गाळ कुठे जातो, शटडाऊननंतर किती माणसं घरी पाठवतात. हे सभेत गावकऱ्याला सांगता येणार नाही, तुम्हाला येईल.

जळगावकरांनो, तुमच्याकडे उद्या दुसरं काही येईल, तेव्हा हाच नियम लागेल.

बरं, चहा आलाय. ज्यांची जमीन राजापूर-देवगडात आहे त्यांनी थांबा. मोबाइल काढा, गावाचं नाव आणि गट नंबर सांगा, सातबारा एकेकाचा उघडून बघू.