रेंज नसली तरी प्रोग्रामिंग



ब्राउझर म्हटला की इंटरनेट आलंच, ही समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. म्हणून शाळेच्या संगणक कक्षातलं नेट गेलं की तासही बुडतो. वीज असते, संगणक सुरू असतात, मुलं जागा पकडून बसलेली असतात. पण प्रोग्रामिंगचं पान उघडत नाही, म्हणून सर वह्या काढायला सांगतात. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा फटका बसतो तो रेंज कमी असलेल्या गावांतल्या मुलांना.

ब्राउझरचं काम असतं पान दाखवण्याचं आणि त्या पानातल्या सूचना पाळण्याचं. ते पान सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवरून आलं की त्याच संगणकाच्या डिस्कवरून, याच्याशी ब्राउझरला फारसं देणंघेणं नसतं. प्रत्येक संगणकाला स्वतःशीच बोलण्यासाठी एक पत्ता राखून ठेवलेला आहे: १२७.०.०.१. त्यालाच ‘लोकलहोस्ट’ म्हणतात. या पत्त्यावर केलेली मागणी तारेतून किंवा वायफायमधून बाहेर जातच नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ती आतल्या आत वळवते आणि उत्तरही आतूनच येतं. राउटर बंद असला तरी हा व्यवहार बिनबोभाट चालतो.

मुलांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर ‘स्क्रॅच’चं, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषेचं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. २००७ साली ते सर्वांसाठी खुलं झालं, तेव्हा संगणकावर उतरवून घेऊन वापरायचं सॉफ्टवेअर होतं. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते ब्राउझरमध्ये आलं आणि अनेक शाळांनी तेव्हापासून ते ‘ऑनलाइन’ खात्यात टाकलं. पण २०१९ च्या जानेवारीत तिसरी आवृत्ती आली, तिच्यासोबत नेटशिवाय चालणारं डेस्कटॉप ॲपही होतं. या ॲपच्या पोटात खरं तर ब्राउझरच बसवलेला आहे. वरची पत्त्याची पट्टी तेवढी दिसत नाही. म्हणजे जे पान नेटवर उघडतं, तेच इथे डिस्कवरून उघडतं. पडद्यावरचं मांजर तसंच चालतं, ठोकळे तसेच जुळतात. लिहिलेलं वाचून दाखवणं आणि भाषांतर करणं या दोन जोडण्यांना मात्र बाहेरच्या सेवा लागतात, त्यामुळे नेट नसताना त्या गप्प राहतात. बाकी आठवी-नववीपर्यंतच्या अभ्यासाला लागणारं जवळजवळ सगळं तिथे आहे.

मुलांना यातली एक गंमत जरूर दाखवावी. स्क्रॅचचा प्रकल्प साठवला की ‘एसबी३’ शेपटाची फाइल तयार होते. तिची एक प्रत घेऊन शेपूट बदलून ‘झिप’ करावं आणि ती उघडावी. आत चित्रं असतात, आवाज असतात आणि साध्या मजकुराच्या एका फाइलमध्ये मुलानं जोडलेला प्रत्येक ठोकळा लिहून ठेवलेला असतो. आपण पडद्यावर केलेलं काम नेमकं कुठे राहतं, याचं उत्तर मुलाच्या हातात येतं.

स्क्रॅचच्या पुढची पायरी म्हणजे बर्कले विद्यापीठातलं ‘स्नॅप’. ब्रायन हार्वे आणि येन्स म्योनिग यांनी ते उभं केलं. ते पूर्णपणे जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं आहे. सगळा संच एका झिप फाइलमध्ये मिळतो. ती सोडवून पान उघडलं की काम सुरू. इथे एक अडचण मात्र अनेकांना चकवते. डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाकडे ब्राउझर संशयानं बघतो आणि त्या पानाला शेजारच्या फाइली वाचू देत नाही. त्यामुळे मुख्य पडदा दिसतो, पण जादा ठोकळ्यांचे संच उघडेनासे होतात. शिक्षकांना वाटतं, बघा, शेवटी नेट लागतंच. ते लागत नाही. एक छोटा सर्व्हर लागतो. असा सर्व्हर पायथन भाषेसोबत फुकट येतो. ज्या फोल्डरमध्ये स्नॅप ठेवलंय, तिथे एका ओळीची आज्ञा द्यायची आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे ८००० हा क्रमांक टाकायचा. कक्षातले संगणक एका स्विचला जोडलेले असतील, तर बाकीची मुलंही त्या एका यंत्राचा स्थानिक पत्ता टाकून तेच पान उघडू शकतात. कधी फायरवॉल आडवा येतो, तेव्हा तेवढी परवानगी द्यावी लागते.

महाविद्यालयांत प्रश्न ‘ज्युपिटर’चा असतो. फर्नांडो पेरेझ यांनी २००१ मध्ये, डॉक्टरेटचे विद्यार्थी असताना, आपल्या गरजेपोटी ‘आयपायथन’ लिहिलं. त्यातून २०११ च्या अखेरीस ब्राउझरमधली वही आली आणि २०१४ पासून हा प्रकल्प ज्युपिटर या नावानं वाढला. या वहीत मजकूर, गणित, प्रोग्राम आणि आलेख एकाखाली एक राहतात. दिसायला ती वेबसाइट वाटते. पत्ता मात्र असतो लोकलहोस्टचा, क्रमांक बहुधा ८८८८. हिशेब करणारा ‘कर्नल’ त्याच संगणकावर मागे चालू असतो. म्हणून तर सुरुवातीला उघडलेली काळी खिडकी पसारा वाटून विद्यार्थ्यानं बंद केली की वहीचे प्राण जातात आणि तो नेटला दोष देत बसतो.

ज्युपिटरला लागणारं सामान मात्र आधी बांधून घ्यावं लागतं, लांबच्या प्रवासाला निघताना शिदोरी बांधतात तसं. नेट असलेल्या संगणकावर ‘पिप’ला, म्हणजे पायथनचं सामान आणून बसवणाऱ्या साधनाला, फक्त डाउनलोड करायला सांगायचं, जमलेल्या फाइली पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि नेट नसलेल्या संगणकावर, बाहेर न शोधता याच फोल्डरमधून घे, असं त्याला बजावायचं. दोन्हीकडची ऑपरेटिंग सिस्टीम आणि पायथनची आवृत्ती एकच हवी. घोळ होतो तो बहुतेक वेळा इथेच.

एवढं करून मिळतं काय? एक उदाहरण पाहा. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लायगो’ या वेधशाळेच्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. १४ सप्टेंबर २०१५ ला नोंदवलेल्या त्या संकेताची आकडेवारी त्यांनी जगाला खुली केली आणि तिचं विश्लेषण करून दाखवणारी ज्युपिटरची वहीसुद्धा दिली. एका शोधकाची बत्तीस सेकंदांची नोंद, सेकंदाला ४,०९६ आकडे, म्हणजे एकूण १,३१,०७२ आकडे. फाइल साधारण एका एमबीची. ती पेनड्राइव्हवर आणली की नेट नसलेल्या खोलीतही विद्यार्थी गोंगाट गाळू शकतो, आलेख काढू शकतो आणि दोन कृष्णविवरं एकमेकांत विलीन होतानाचा तो क्षणभराचा चढता सूर आवाजाच्या रूपात ऐकू शकतो. लायगोचा भारतातला शोधक हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात उभारायचा आहे. केंद्र सरकारनं त्याला २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी दिली. त्या जिल्ह्यातल्या प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात ही फाइल आणि ही वही असायलाच हवी.

‘पायोडाइड’ हा आणखी एक मार्ग. २०१८ मध्ये मोझिलात सुरू झालेल्या या कामामुळे पायथन ब्राउझरच्या आतच चालू लागला. मुलांच्या संगणकांवर काही बसवावं लागत नाही. एका यंत्रावर फोल्डर ठेवायचं, बाकीच्यांनी पान उघडायचं. ब्राउझर मात्र बऱ्यापैकी नवा हवा.

शाळेतच सर्व्हर ठेवण्याचा प्रयोग आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर झालेला आहे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासह चालवलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, मिझोराम आणि तेलंगणातल्या सरकारी माध्यमिक शाळांत असे सर्व्हर बसवले गेले. त्यामागच्या सॉफ्टवेअरचं काम मुंबईतल्या मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात झालं. जे मिझोरामच्या डोंगरांत करून पाहिलं गेलं, ते मेळघाटात किंवा अक्कलकुव्यात अवघड का मानावं?

गणपतीला, दिवाळीला पुण्या-मुंबईहून कितीतरी संगणक अभियंते गावी जातात. त्यांना एक विनंती आहे. जाताना एक पेनड्राइव्ह सोबत घ्या. स्क्रॅचचं ॲप, स्नॅपची झिप, पायथन आणि ज्युपिटरच्या फाइली, सगळं मिळून आठ जीबीत आरामात मावतं. गावातल्या शाळेला एक दुपार द्या. काही पानं अक्षरवळणं किंवा जोडफाइली गुपचूप बाहेरून मागवतात, त्यामुळे निघण्याआधी नेटची केबल काढा, वायफाय बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा आणि सगळं चालतंय ना, हे शिक्षकांसमोर एकदा तपासून घ्या.