क्रँकचा कोपरा

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



माझ्याआधी डॉक्टर बोलले, बँकेतले साहेब बोलले, आपल्या दोन शिक्षिका मैत्रिणी बोलल्या. मी क्रँक घासतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग, एवढंच काम. पाटीवर बाकी काही लिहिलेलं नाही, कारण बाकी काही येत नाही. संयोजकांनी सांगितलंय, दहा मिनिटं बोल आणि धंद्याविषयी बोल. धंद्याविषयीच बोलतो, पण त्यात आपल्यातल्या एकाची गोष्ट आहे. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला अजून माहीत नाही.

आधी क्रँक म्हणजे काय ते सांगतो, बायांनो कंटाळू नका. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. त्या वर-खालीचं गोल फिरणं करायचं काम क्रँकशाफ्टचं. ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकला चार पिना असतात, त्यांना कनेक्टिंग रॉड धरतात. आणि बहुतेक इंजिनांत पाच मेन असतात, त्यांच्यावर क्रँक ब्लॉकमध्ये फिरतो. पिन आणि बेअरिंग यांच्यामध्ये ऑईलचा पातळ थर असतो. साठ मिलिमीटर जाडीची पिन असेल तर ही फट साधारण 0.06 मिलिमीटर. वहीचा कागद 0.1 चा धरला, तर त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. फट कमी पडली तर बेअरिंग जळतं, जास्त झाली तर ऑईलचं प्रेशर पडतं आणि इंजिन ठोकायला लागतं.

सर, दशांश चिन्ह एक घर चुकलं म्हणून तुम्ही मला एकदा बाकावर उभं केलं होतं. माझी पुढची सगळी कमाई त्या चिन्हाच्या उजवीकडची आहे.

इंजिन कामाला आलं की मेकॅनिक ते खोलतो आणि क्रँक आमच्याकडे येतो. पिना ओरखडलेल्या असतात, कुठे अंड्यासारख्या झालेल्या असतात. मग सगळ्या पिना घासून एक साइज खाली आणायच्या. 0.25, 0.50, 0.75, अशा ठरलेल्या पायऱ्या असतात, आणि त्याच मापाची जाड बेअरिंगं बाजारात मिळतात. एकच पिन खराब असली तरी चारही त्याच साइजला न्यायच्या. मालक म्हणतो, "तीन चांगल्या आहेत की, त्या कशाला घासता?" त्याला समजावण्यात अर्धा चहा संपतो.

पण घासणं हे शेवटचं काम. आधी क्रँक सरळ आहे का ते डायल लावून बघायचं. तडा आहे का ते चुंबकाने तपासायचं. ऑईलच्या भोकांचे प्लग काढून आतला गाळ साफ करायचा. हे बरेच जण टाळतात, आणि मग तोच गाळ पहिल्या तासात नव्या बेअरिंगला खातो. घासून झाल्यावर भोकांच्या कडा मोडायच्या, एमरीने पॉलिश करायचं. आणि या सगळ्यात एक गोष्ट असते कोपऱ्याची. पिन जिथे संपते आणि क्रँकची भिंत सुरू होते, तिथे काटकोन नसतो, गोलाई असते. आम्ही तिला रेडियस म्हणतो. ट्रॅक्टरच्या इंजिनाचा फेरा मिनिटाला 2000 धरला, तर प्रत्येक पिनेवर मिनिटाला हजार स्फोटांचे दणके बसतात. दर दणक्याला पिन वाकायला बघते, आणि तो सगळा ताण कोपऱ्यात जमतो. गोलाई असली की तो पसरतो. शेंगदाण्याच्या पुडीला कडेला बारीक काप दिलेला असतो आणि ती तिथूनच फाटते, तसा धारदार कोपरा हा क्रँकचा काप.

आता गोष्ट. दहावीनंतर मी आयटीआयला मशीनिस्ट ग्राइंडरचा ट्रेड केला आणि एका मेस्त्रींच्या हाताखाली लागलो. साल 1987, दिवाळी झालेली, गळीत हंगाम तोंडावर. ज्याच्या-त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन त्याच आठवड्यात बांधून हवं. मेस्त्री पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला गेले होते. जाताना म्हणाले, "तो ट्रॅक्टरचा क्रँक उरकून ठेव, संध्याकाळी न्यायला येतील."

मशीनवर आदल्या कामाचा दगड तसाच होता. ते काम एका लहान पंपाच्या इंजिनाचं, म्हणून दगडाची कड बारीक गोलाईची होती. ट्रॅक्टरच्या क्रँकला मोठी गोलाई लागते. म्हणजे डायमंडने दगडाची कड पुन्हा बांधायची. वीस मिनिटांचं काम. मी ते केलं नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो, हात बसलाय असं वाटत होतं, आणि दुपारी कुणाला तरी भेटायचं होतं. कुणाला ते विचारू नका, ती पण इथेच आहे.

चारही पिना मी 0.50 ला आणल्या. माप असं की मायक्रोमीटर कुठेही लावा, काटा हलणार नाही. संध्याकाळी मेस्त्री आले, त्यांनी मापं बघितली, मान डोलावली. मायक्रोमीटर कोपरा मोजत नाही. रोज ते रेडियस गेज लावायचे, त्या दिवशी प्रवासानं थकलेले होते. क्रँक गेला.

जानेवारीत तो परत आला, दोन तुकड्यांत. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून चढाला लागलेला ट्रॅक्टर, मोठा आवाज झाला आणि बंद पडला. नशीब, ब्लॉक वाचला. मेस्त्रींनी तुटलेला तुकडा बल्बखाली धरला. तुटलेल्या क्रँकचं तोंड वाचता येतं. एका बाजूला शिंपल्यावर असतात तशा बारीक गोल रेघा होत्या, म्हणजे तडा दिवसेंदिवस सरकत गेलेला. उरलेला भाग खडबडीत, खडीसाखरेसारखा, म्हणजे तो शेवटी एका झटक्यात तुटलेला. आणि त्या सगळ्या रेघा कोपऱ्यातल्या एका जागेपासून निघत होत्या.

"रेडियस गेज आण," एवढंच म्हणाले. मी आणून लावला. गेजच्या खालून उजेड आरपार दिसत होता.

"किती वेळ वाचला रं?"

"वीस मिनिटं," मी म्हणालो.

ते मला पुढे काही बोलले नाहीत. बाहेर बाकड्यावर ट्रॅक्टरचे मालक बसले होते, त्यांच्यासमोर जाऊन मेस्त्रींनी हात जोडले. "आबा, चूक आमच्या शॉपची हाय. क्रँक मी देतो, मजुरी घेनार न्हाई." कुणाच्या हातून झाली ते सांगितलं नाही. मी आत मशीनमागे उभा होतो. दुसरा क्रँक शोधून, स्वतः घासून, इंजिन पुन्हा बांधून होईपर्यंत नऊ दिवस ट्रॅक्टर उभा राहिला. ऐन हंगामातले नऊ दिवस. तोडीची टोळी उचल घेऊन बसलेली, तिला रोज खायला घालायचं.

ते आबा म्हणजे आपल्या वर्गमित्राचे वडील.

त्या उन्हाळ्यात तो मला एसटी स्टँडवर भेटला. चहा त्यानेच पाजला. बोलता बोलता म्हणाला, हंगामात क्रँक तुटला, आबांनी दुभती म्हैस विकली, तेव्हा कुठे टोळीचा हिशेब भागला. मग म्हणाला, "तुझे मेस्त्री मात्र देवमाणूस बघ, आपली चूक आपणहून कबूल केली." मी कप खाली ठेवला आणि गाडी लागली म्हणून उठलो. गाडी लागली नव्हती.

मित्रा, दगड मी बांधला नव्हता. मेस्त्रींनी तुला आणि आबांना जे सांगितलं ते माझ्या वाटणीचं होतं. मेस्त्री गेले, आबाही गेले. मी दरवर्षी म्हणायचो, या दिवाळीला सांगू. ट्रॅक्टरचे क्रँक मी तेव्हापासून शेकड्यांनी घासले असतील, रेडियस गेज मशीनला दोरीने बांधलेला असतो, पोरं हसतात. पण तुला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे, ठेवलं.

मागच्या महिन्यात तू तुझ्या मुलाच्या ट्रॅक्टरचा क्रँक माझ्याकडे पाठवलास. मुलाला म्हणालास म्हणे, दुसरीकडे जायचं नाही, आपला माणूस आहे. तो क्रँक आठ दिवसांपूर्वी तयार झालाय. चार फोन आले तरी मी दिला नाही, हे आधी सांगायचं होतं. आता तो ऑईल लावून, कागदात गुंडाळून माझ्या गाडीच्या डिकीत आहे, सोबत रेडियस गेज आणि बॅटरी पण आहे. जेवणाच्या आधी चल, चारही पिनांचे कोपरे तूच लावून बघ. दुसऱ्या शॉपमध्ये दाखवून घ्यायचा असेल तरी घे, मी पत्ता देतो. मजुरीचं नंतर बघू.