टकरींची संख्या वाढवताना

जिनिव्हाजवळ, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली, 27 किलोमीटर परिघाच्या बोगद्यात प्रोटॉनचे दोन झोत विरुद्ध दिशांनी फिरतात आणि चार ठिकाणी एकमेकांवर आदळवले जातात. सर्न या संस्थेचे हे यंत्र म्हणजे लार्ज हॅड्रॉन कोलायडर. हिग्ज बोसॉन 2012 मध्ये येथेच सापडला. पण शंभर कोटींहून अधिक टकरींमागे असा एखादाच कण निर्माण होतो. हिग्जची जोडी तर त्याहूनही कितीतरी दुर्मीळ. म्हणून या यंत्राच्या सुधारणेत भर टकरींच्या ऊर्जेवर नाही, संख्येवर आहे.

प्रोटॉन झुबक्याझुबक्यांनी धावतात. एका झुबक्यात दहा हजार कोटींहून अधिक प्रोटॉन असतात, तरी दोन झुबके एकमेकांतून पार होताना टकरी होतात जेमतेम पन्नास-साठ. बाकीचे सारे निसटतात. झुबक्यातले प्रोटॉन जवळपास दुप्पट करणे हा एक उपाय; दुसरा, झोत आणखी आवळणे. शेवटी जितका बारीक करायचा, तितका झोत आधी त्याला आवळणाऱ्या चुंबकांत फुगतो. त्यामुळे टकरीच्या जागेजवळच्या चुंबकांचे तोंड 70 ऐवजी 150 मिलिमीटरचे हवे आणि क्षेत्रही अधिक प्रबळ हवे. जुन्या नायोबियम-टायटेनियमच्या तारेला हे झेपत नाही. नायोबियम आणि कथील यांचे संयुग सुमारे 12 टेस्लाच्या क्षेत्रातही टिकते, पण ते फार ठिसूळ. मग संयुग होण्याआधीच तारेची वेटोळी गुंडाळतात आणि ती सुमारे 650 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवतात. संयुग तयार होते ते तिथे. या सुधारणेतले सर्वांत अवघड काम बहुधा हेच.

झोत थोड्या कोनात भेटतात, म्हणून लांबट झुबके एकमेकांवर पुरते पडत नाहीत. ‘क्रॅब कॅव्हिटी’ नावाचे उपकरण झुबक्याची दोन टोके विरुद्ध बाजूंना ढकलते; झुबका खेकड्यासारखा तिरपा होतो आणि गाठ समोरासमोर पडते. प्रोटॉनच्या झोतावर ही युक्ती सर्नने 2018 मध्ये तपासून पाहिली.

एका वेळी 140 ते 200 टकरी होऊ लागल्या की कोणता कण कोणत्या टकरीतला, हे ओळखणे कठीण. त्यासाठी अ‍ॅटलास आणि सीएमएस या शोधकयंत्रांत सेकंदाच्या अब्जांशाचेही काही शतांश मोजू शकणारे थर बसवायचे आहेत. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसच्या गटात सहभागी आहे. नियोजनानुसार सुधारलेले यंत्र 2030 मध्ये सुरू व्हायचे असून, मूळ आराखड्यात धरलेल्या टकरींच्या दहापट टकरी त्यातून मिळवायच्या आहेत.