इंजिनातलं ऑईल नीट कसं तपासाल?

पॉवर वीडर किंवा पाण्याचा पंप चालवणाऱ्या छोट्या फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ऑईल फार थोडं मावतं. होंडाच्या जीएक्स १६० इंजिनात ते जेमतेम ०.६ लिटर असतं. त्यामुळे थोडंसं कमी झालं तरी इंजिनाची झीज वाढते. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी ऑईल तपासा.

यंत्र सपाट जागेवर ठेवा. बांधावर तिरपं असेल तर पातळी चुकीची दिसते. इंजिन बंद हवं. नुकतंच चालवलं असेल, तर ऑईल खाली उतरू द्या. ऑईल भरायच्या झाकणाभोवतीची माती पुसा, मगच झाकण उघडा. झाकणाला जोडलेली डिपस्टिक, म्हणजे पातळी मोजायची पट्टी, काढून स्वच्छ फडक्यानं पुसा, परत घाला आणि पातळी बघा.

इथेच अनेकांची चूक होते. जीएक्स १६० मध्ये डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची. आटे आवळले, तर ती खोल बुडते आणि ऑईल आहे त्याहून जास्त दिसतं. काही इंजिनांत मात्र झाकण पूर्ण आवळूनच पातळी बघतात. आपल्या यंत्राची पद्धत माहितीपुस्तिकेत जरूर वाचा.

ऑईल कमी असेल, तर थोडं-थोडं घालत पुन्हा तपासा. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. जादा ऑईलनं धूर येतो, एअर फिल्टरही खराब होतो.

टू-स्ट्रोक यंत्रात डिपस्टिक नसते. तिथे ऑईल पेट्रोलमध्येच ठरलेल्या प्रमाणात मिसळावं लागतं.

दोन मिनिटांची ही तपासणी ऐन हंगामातला मोठा खर्च वाचवते.