धर्मविद्या आणि अहल्याश्रम

इंदूरच्या होळकर घराण्यातील अहल्याबाईंचे नाव पुण्यातील 'अहल्याश्रम' या वास्तूस लाभले. त्यामागची हकीकत मात्र ऑक्सफर्डपासून सुरू होते.

जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली धर्मशास्त्राच्या उच्च अध्ययनासाठी तेथील मँचेस्टर कॉलेजात गेले. प्रवासखर्च बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दिला. युनिटेरियन पंथाच्या या विद्यालयात एस्टलिन कार्पेंटर तौलनिक धर्म शिकवीत. परधर्माचे ग्रंथही आदराने, पण डोळसपणे वाचावयाचे, ही त्या अभ्यासाची शिस्त होय.

१९०३ मध्ये शिंदे स्वदेशी परतले व प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. ईश्वर सर्वांचा पिता, तर त्याची काही लेकरे देवळाबाहेर आणि शाळेबाहेर का, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत निराश्रित साह्यकारी मंडळी स्थापून अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढली. पुढे मंडळीच्या पुणे शाखेच्या इमारतीसाठी इंदूरच्या तुकोजीराव महाराजांनी मोठी देणगी दिली आणि अहल्याश्रम उभा राहिला.

धर्मविद्येचा उच्च अभ्यास आजही अनेक जण करतात. त्यांच्या प्रबंधाची पारख परीक्षक करतील. त्या विद्येची किंमत मात्र शेजारच्या वस्तीतच ठरते.