अमेरिकेतील यादवी आणि हुबळीचा कापूस

अमेरिकेतील यादवी युद्धाची पहिली तोफ 12 एप्रिल 1861 रोजी समटर किल्ल्यावर डागली गेली. गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील अकरा राज्ये संघराज्यातून फुटली. अब्राहम लिंकन यांनी त्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि गुलामांच्या श्रमावर पिकणारा कापूस इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला.

त्याची झळ, खरे तर ऊब, हुबळी-धारवाडला लागली. हुबळीच्या केशवापूर भागातून ज्या कुसुगल गावाकडे रस्ता जातो, तिथे 1840च्या दशकात एका अमेरिकी मळेवाल्याच्या देखरेखीखाली परदेशी कापसाची प्रयोगशेती झाली होती. न्यू ऑर्लिन्सचे बियाणे इथल्या काळ्या जमिनीत रुजले. 'धारवाड-अमेरिकन' म्हणून तो कापूस बाजारात ओळखला गेला. युद्धकाळात त्याचा भाव कडाडला. गाठी घाट उतरून कुमट्याला आणि तिथून गलबतांनी मुंबईला जात. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, तसा भेसळीलाही ऊत आला.

तिकडे 1 जानेवारी 1863 रोजी लिंकन यांनी बंडखोर राज्यांतील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा काढला. जुलैमध्ये गेटिसबर्ग आणि व्हिक्सबर्ग इथे दक्षिणेचा कणा मोडला. 9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. डिसेंबरात घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, मुंबईत सट्टेवाल्यांचे दिवाळे निघाले.

गुलाममुक्तीचा पडसाद मराठीतही उमटला: जोतीराव फुले यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांनाच अर्पण केला.