चष्मा काढण्याआधी

चाळीसगाव म्हणजे रेल्वेचं जंक्शन, धुळ्याचा फाटा इथूनच फुटतो. रेल्वेभरतीचा अभ्यास करणारी मुलं इथे सहज भेटतात. त्यातल्या एखाद्याला मायनस तीनचा चष्मा असला की घरात ठरतं, ‘लेझर करून टाकू.’ जरा थांबा. सहायक लोको पायलटसारख्या ए-१ वैद्यकीय वर्गातल्या पदांना लॅसिक, म्हणजे नंबर घालवणारी लेझर शस्त्रक्रिया, केलेला उमेदवार चालत नाही. ए-२ आणि ए-३ लाही नाही. म्हणून आधी जाहिरातीतले वैद्यकीय निकष वाचा, मग दवाखाना गाठा.

आता डोळ्याचं. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लॅसिकमध्ये त्याचा वरचा पातळ पापुद्रा उचलतात आणि खालचा थर लेझरने कमी करतात, एका नंबरमागे साधारण १२ ते १५ मायक्रॉन. नंबर मोठा आणि पडदा पातळ असेल, तर चांगले डॉक्टर सरळ नाही म्हणतात. अशा वेळी दुसरीकडे ‘हो’ शोधत हिंडू नये, असं माझं स्पष्ट मत. वय किमान १८ हवं, नंबर वर्षभर स्थिर हवा. कॉन्टॅक्ट लेन्स तपासणीआधी डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद. नाहीतर मोजमाप चुकतं.

चष्मा सुटला तरी मायनस नंबरवाल्याचा लांबट झालेला डोळा आतून तसाच राहतो, म्हणून डोळ्याच्या मागच्या पडद्याची, म्हणजे रेटिनाची तपासणी चालूच ठेवायची. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके किंवा चमक दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि चाळिशीनंतर पेपर वाचायला चष्मा बहुधा लागेलच, हे खर्च करणाऱ्या वडिलांना आधीच सांगून ठेवा!